दोनवारचं ऑपरेशन

एवढ्याशा उंदराची नसबंदी करायला कुणी इतका आटापिटा करतं का, हे आमच्या इमारतीत सगळ्यांनी मला विचारून झालं होतं. मला, कारण थोरल्या जाऊबाईंना विचारायची कुणाची छाती नव्हती. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. म्हटलं, पहिली गोष्ट म्हणजे तो उंदीर नाही, गिनीपिग आहे. दुसरी गोष्ट, त्याला शेपूट नाही. आणि तिसरी गोष्ट, तुम्ही आपापली कामं बघा. माझी जीभ मेली तिखटच. शिवणकाम करते मी, दिवसभर टाचण्या दातात धरून बसते, त्यातली एखादी शब्दांबरोबर बाहेर पडत असेल.

पण त्या उंदरावर आमच्या भाऊजींचा जीव होता. नुसता जीव नाही, त्यांचं बोलणंच त्याच्यावर अडकलेलं होतं. ते कसं, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. आम्ही वरच्या मजल्यावर, ते नि जाऊबाई खालच्या. घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. पहाटे ओट्यावर उभे राहिले की तोंडातून भाव असा सुटायचा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. घरात मात्र तोलूनमापून बोलायचे. म्हणायचे, सगळं बाजारात खपलं, घरी आणायला काही उरलं नाही. आणि अशा माणसाला एका सकाळी दात घासता घासता झटका आला आणि अर्धं अंग लुळं पडलं. हात-पाय हळूहळू वळणावर आले, काठीसुद्धा सुटली. वाचा तेवढी परत आली नाही. कळत सगळं होतं हो. कोण काय म्हणतंय, कोण कुणावर चिडलंय, पेपरात काय आलंय, सगळं. फक्त शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथे रुतून बसायचा. लिहायला बसले की अक्षरं एकमेकांवर चढायची. ग्लासभर पाणी मागायला त्यांना घाम फुटायचा. शाबूत राहिलं होतं ते लिलावातलं एवढंच, ‘एकवार, दोनवार, तीनवार’. ते मात्र घडाघड म्हणायचे. बोलणं शिकवायला एक बाई यायच्या, त्या म्हणाल्या, पाठ झालेलं असतं ते डोक्यात वेगळ्या खिशात असतं, यांचा तो खिसा फाटलेला नाही.

आता जाऊबाई. त्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या, निवृत्त होईपर्यंत. सर्जनने नुसता पंजा पुढे केला की हवं ते हत्यार त्याच्या हातात पडलं पाहिजे, हा त्यांचा बाणा. मागायला लागलं तर मी सिस्टर कसली, म्हणायच्या. हाताखालच्या पोरी त्यांना चळाचळा कापायच्या, आणि सर्जन मंडळी त्यांच्याशिवाय टेबलाला हात लावायची नाहीत. तीच सवय त्यांनी घरी आणली. भाऊजी ‘ते... ते...’ म्हणेपर्यंत चष्मा त्यांच्या हातात. त्यांना हवी असायची खिडकी उघडून. ते बिचारे मुकाट्याने चष्मा लावून बंद खिडकीकडे बघत बसायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, वहिनी, जरा थांबा ना, त्यांचं त्यांना पुरं करू दे. तर म्हणाल्या, “त्यांची ती तडफड मला बघवत नाही गं.” हे खोटं नव्हतं. त्या बाईचा नवऱ्यावर फार जीव. रात्रंदिवस राबून तिनं त्यांना पायावर उभं केलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं की यांना बोलायला कुणीतरी असं हवं, ज्याला घाई नाही. मग भाऊजींच्या लेकीनं दोन गिनीपिग आणून दिले, सख्खे भाऊ, दोघंही नर. एक तपकिरी, एक पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला. नावं भाऊजींनीच ठेवली, त्यांना म्हणता येतील अशी. तपकिरी तो एकवार, ठिपक्यांचा तो दोनवार. गॅलरीला लागून असलेल्या खोलीत पिंजरा ठेवला. रोज सकाळी भाऊजी स्वतः काकडीच्या चकत्या करायचे, कोथिंबीर निवडायचे. भाजीवर अजून तोच बाजारातला हात, दाबून बघितल्याशिवाय काकडी पिंजऱ्यात जायची नाही. फ्रिजचं दार वाजलं की दोघं भाऊ गजांना पंजे लावून अशा शिट्ट्या मारायचे की वर माझ्या मशीनच्या आवाजातही ऐकू याव्यात. आणि भाऊजी त्यांच्याशी बोलायचे. तिथे घाई करणारं कुणी नव्हतं. आधी ‘थांब’. मग ‘देतो’. मग ‘तू नाही, तो’. एकदा मी जिन्यावरून उतरत होते आणि आतून स्पष्ट ऐकू आलं, ‘हावरट’. मी तिथेच पायरीवर बसले आणि पदराला डोळे पुसले. म्हटलं, आला माणूस परत.

थंडीत एकवार गेला. दोन दिवस नाकातून पाणी, तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यात आडवा. दोनवारनं त्यानंतर शिट्टी मारणं सोडलं. कोपऱ्यात तोंड घालून बसायचा, काकडी सुकून जायची. हातात घेतला तर पाठीची हाडं लागायची. आणि त्याच्याबरोबर भाऊजींचे शब्दही आटत चालले. आधी ‘हावरट’ गेला, मग ‘देतो’. दोघंही एकाच खोलीत दोन भिंतींकडे बघत बसलेले असायचे. जाऊबाई एका दुपारी वर माझ्याकडे आल्या, मशीनच्या बाजूच्या स्टुलावर बसल्या, आणि त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, “त्याच्याबरोबर हेही जातील गं.”

प्राण्यांच्या डॉक्टरांनी वजन करून बघितलं आणि सांगितलं की आजार काही नाही, याला सोबत हवी. पण एवढ्या वाढलेल्या नराजवळ दुसरा अनोळखी नर ठेवला तर रक्त निघेपर्यंत भांडतील. माद्या चालतील, मात्र मग पिल्लांचा सुळसुळाट होईल, आणि वय झालेल्या मादीला पहिलटकरीण म्हणून जिवावरही बेतू शकतं. तेव्हा याची नसबंदी करायची, मग दीड महिना शेजारी शेजारी पण वेगळं ठेवायचं, कारण ऑपरेशन झालं तरी तेवढ्या दिवसांचा भरवसा नसतो, आणि मग एकत्र सोडायचं. माद्यांसाठी कुठे लांब जायला नको होतं. मागच्या इमारतीत गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांच्याकडे दोन होत्या, आई आणि लेक. वाळल्या गवतानं बाईंना दमा उठायचा, आणि दमा उठला की शिकवणी बंद. त्या तर कधीच्या चांगल्या घराच्या शोधात होत्या.

घरात हे कळलं तेव्हा आमच्या ह्यांना फार चेव आला. म्हणाले, वा रे नशीब, दोन दोन बायका घरी येणार आणि नेमकी तेव्हाच गडी बाद. म्हणाले, दादा, त्याला निदान विचारून तरी घे. मी डोळे वटारले, पण भाऊजींना हसू फुटलं. तोंडाची एक बाजूच हसते त्यांची, तरी हसले, खांदे गदगदा हलेपर्यंत हसले. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. किती महिन्यांनी तो आवाज घरात ऐकला होता.

तारीख ठरवायला भाऊजी एकटे निघाले. कुणी सांगितलं नाही, त्यांनीच ठरवलं. झटका आल्यापासून उंबऱ्याबाहेर एकटे असे गेलेच नव्हते. टोपलीत टॉवेल, टॉवेलवर दोनवार, आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. जाऊबाई बरोबर निघाल्या तर त्यांनी हातानंच त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या बसल्या, पण मला डोळ्यांनी खूण केली. मग काय, मी चोरासारखी मागे. दवाखान्यासमोरच्या दुकानात उगाच बटणं बघत उभी राहिले. भाऊजी बराच वेळ आत होते. बाहेर आले आणि मी दिसले तर रागावले नाहीत. माझ्याजवळ आले, छाती काढून उभे राहिले आणि म्हणाले, “ठरलं. गुरुवारी.” दोन शब्द. मोठा सौदा पटवून आल्यासारखा चेहरा.

घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. भाऊजींनी टोपली खाली ठेवली, दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि सुरुवात केली, “खाणं... खाणं...” की झालं. जाऊबाई म्हणाल्या, हो हो, आदल्या संध्याकाळपासून बंद, ते मला का सांगायला हवं. भाऊजींनी मान हलवली, नाही नाही केलं. त्यावर या म्हणतात, पाणीसुद्धा सकाळी काढून घेईन, काळजी करू नका. आणि गेल्या कपडे वाळत घालायला.

त्यांचा दोष होता म्हणावं, तर त्यामागचं कारणही मला माहीत आहे. थिएटरमध्ये नव्या असताना एका पेशंटनं लपून बिस्किटं खाल्ली होती. भूल दिल्यावर त्याला उलटी झाली, ती छातीत गेली आणि माणूस हकनाक जाता जाता वाचला. त्या दिवसापासून ‘आदल्या रात्रीपासून पोट रिकामं’ हे जाऊबाईंचं ब्रह्मवाक्य. मोठमोठ्या लोकांच्या उशा उचलून त्यांनी खाऊ जप्त केलेला. त्यांच्या लेखी ते टेबलावर झोपणाऱ्या प्रत्येक जिवाला लागू होतं.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे पडद्यांची उंची घ्यायला गेले होते. स्टुलावर चढून मोजपट्टी धरली होती, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच घडलं. जाऊबाईंनी पिंजरा धुऊन पुसून काढला. गवत काढलं, दाण्यांची वाटी काढली, खाली स्वच्छ टॉवेल घातला. भाऊजी उठले, पिशवीतून मूठभर गवत घेतलं आणि पिंजऱ्यात ठेवलं. जाऊबाईंनी ते काढलं. त्यांनी परत ठेवलं. जाऊबाईंनी परत काढलं, आणि गवताची पिशवीच उचलून वरच्या कपाटात टाकली. मग ते फ्रिजकडे गेले, कोथिंबिरीची जुडी घेऊन आले. जाऊबाईंनी त्यांच्या मुठीतून एकेक बोट सोडवून ती काढून घेतली, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी, आणि फ्रिजला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“नको,” भाऊजी म्हणाले. “ड... डॉ...”

“डॉक्टरांचं मला नका सांगू,” जाऊबाई म्हणाल्या. “भूल देताना पोटात काही असलं तर जिवाशी खेळ होतो. तुम्हाला हवाय ना तो?”

भाऊजींनी टेबलावर हात आपटला. कप खाली पडून फुटला. त्यांच्या घशातून एक आवाज आला, त्यात शब्द नव्हता. आणि मग ते रडायला लागले. जाऊबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी जाऊन भाऊजींचं डोकं पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, घाबरता कशाला एवढं, मी आहे ना, छोटंसं तर ऑपरेशन. त्यांच्या हाताच्या आडून भाऊजी माझ्याकडे बघत होते. स्टुलावर उभ्या उभ्या मलाही वाटलं की घाबरलेच आहेत बिचारे. माझेही डोळे भरून आले, आणि मी पडद्यांची मापं घेत राहिले.

अंधार पडायच्या सुमाराला दोनवारनं शिट्टी मारली. एकवार गेल्यापासून पहिल्यांदा. गजांना पंजे लावून उभा राहिला आणि लांबलचक शिट्टी, मग दुसरी, मग तिसरी. जाऊबाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, बघा, त्याला कळलंय उद्यापासून दिवस पालटणार ते. भाऊजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि आतल्या खोलीत निघून गेले. मला त्यांचा थोडा रागच आला. म्हटलं, एवढं सगळं ज्याच्यासाठी, तो शिट्टी मारतोय तर यांना ऐकवत नाही.

सकाळी आम्ही तिघं गेलो. दवाखान्यात टेबलाशी एक मदतनीस मुलगी होती. तिनं टोपली घेताना विचारलं की सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे केलंय ना. जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, पोरी, तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी थिएटरमध्ये काढलीत, सगळं नियमाप्रमाणे आहे. मुलगीही हसली. भाऊजींनी हात वर केला होता. तोंड उघडलं होतं. ओठ थरथरत होते. ती वाट कशाला बघेल, टोपली घेऊन ती दाराआड गेलीसुद्धा.

ऑपरेशन उत्तम झालं. दुपारी दोनवार घरी आला, टाके एवढे बारीक की मी शिवणारी असून मला दिसेनात. जाऊबाईंनी माझ्याकडून फ्लॅनेलचा तुकडा मागून घेतला, गरम पाण्याची पिशवी त्यात गुंडाळली आणि दोनवारला तिच्या कुशीत ठेवला. आता खाईल, म्हणाल्या. समोर काकडी, कोथिंबीर, गवत, दाणे, सगळं मांडलं. दोनवारनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. पिंजऱ्यात एकही लेंडी पडली नव्हती. जाऊबाईंनी दाणे भिजवून त्यांची पेज केली आणि सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थेंब थेंब भरवायला घेतली. काय हात होता त्या बाईचा. एक थेंब इकडेतिकडे नाही, घाई नाही, जबरदस्ती नाही. पण गेलेलं परत हनुवटीवर यायचं. पोट टम्म फुगलं होतं, बोटानं वाजवलं तर वाजलं असतं. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, ते आणलं, तेही दिलं. भाऊजी पिंजऱ्याशी जमिनीवर बसून होते आणि बोलत होते. “खा. खा रे. थोडं. दोनवार, खा.” इतके शब्द एका दिवसात मी त्यांच्या तोंडून किती महिन्यांत ऐकले नव्हते. जाऊबाईंनाही ते ऐकू येत होतं. एकदा मला म्हणाल्या, हा वाचला ना, तर हे नक्की बोलायला लागतील. आणि सिरिंज पुन्हा भरली.

शनिवारी आम्ही त्याला परत नेलं. डॉक्टरांनी टेबलावर घेतला, इंजेक्शन दिलं, नाकाशी नळी धरली, पोट हलक्या हातानं चोळलं. भाऊजी एक बोट त्याच्या कानामागे ठेवून उभे होते. दोनवारनं एकदा मागचे पाय ताणले आणि मग ते तसेच राहिले. डॉक्टरांनी नळी बाजूला केली. भाऊजींनी बोट काढलं नाही.

थोड्या वेळानं डॉक्टर हात धुऊन आले. वयानं लहानच, पण माणूस चांगला. त्यांनाही लागलं होतं. म्हणाले, ऑपरेशन तर इतकं स्वच्छ झालं होतं, मग आतडं असं एकाएकी का थांबलं हेच कळत नाही. मग सहज विचारावं तसं विचारलं, “आदल्या रात्री नीट खात होता ना?”

“आदल्या रात्री?” जाऊबाई म्हणाल्या. “आदल्या रात्री उपाशीच ठेवला होता की.”

डॉक्टर सावकाश म्हणाले की कुत्र्यामांजरांना उपाशी ठेवतात, यांना कधीच नाही. यांना उलटी होतच नाही. यांचं पोट सतत चालू राहावं लागतं, रात्रभर रिकामं राहिलं की थांबतं, आणि वरून भूल आणि कापाकापी, मग परत चालू होत नाही. म्हणाले, “मी हे बजावून सांगितलं होतं. यांना सांगितलं होतं. यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. वेळ लागला यांना, पण तिन्ही वेळा बरोबर म्हणाले.”

जाऊबाईंनी हळूच मान वळवून भाऊजींकडे बघितलं. ते गवत, ती कोथिंबीर, तो फुटलेला कप, ती शिट्टी, सगळं एकापाठोपाठ एक त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसलं. त्यांनी टेबलाची कड पकडली.

भाऊजींनी दोनवारच्या कानामागचं बोट काढलं. डॉक्टरांकडे वळले. कपाळावर घाम आला होता, मानेची शीर ताठ झाली होती. आणि एकेक शब्द विहिरीतून घागर ओढावी तसा ओढून काढत ते म्हणाले,

“माझं... चुकलं. मी... हिला... सांगायला... विसरलो.”

झटका आल्यापासून एवढं मोठं वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. एकही शब्द मागेपुढे झाला नाही.

“खोटं बोलताहेत ते,” जाऊबाई म्हणाल्या. आवाज फाटला होता. “डॉक्टर, ते सांगत होते मला. सारखे सांगत होते. त्यांच्या हातातून मी काढून घेतलं. मी...”

डॉक्टरांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. खुर्ची ओढून बसवलं, पाणी दिलं. अगदी मायेनं म्हणाले, “कळतं मला, बाई. तुम्ही सांभाळून घेताय त्यांना. घ्यायलाच हवं. पण यापुढे महत्त्वाचं काही असलं तर तुम्ही स्वतः येत जा. यांना एकट्याला पाठवू नका.”

जाऊबाई नाही नाही म्हणत राहिल्या. डॉक्टर हो हो म्हणत राहिले. मी तोंड उघडलं होतं. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मी काही मनात ठेवणाऱ्यातली नाही. पण भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. बुधवारी बघितलं होतं तसंच, पण आज त्याचा अर्थ मला कळला. मी तोंड मिटलं. भाऊजींनी डॉक्टरांकडे बघून मान डोलावली, पुन्हा एकटा येणार नाही अशी. इस्त्रीचा शर्ट घालून एकटा गेलेला माणूस तो. त्यानं ते कबूल करून टाकलं.

बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावर दिवे लागत होते. टोपली भाऊजींच्या हातात, टॉवेलमध्ये गुंडाळलेला दोनवार तिच्यात. जाऊबाई दोन पावलं मागे चालत होत्या. वळणावर एका बंद दुकानासमोर त्या थांबल्या, भाऊजींची बाही धरली आणि विचारलं, “का बोललात तसं?”

भाऊजींनी तोंड उघडलं. ओठ हलले, थांबले, परत हलले. माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. जाऊबाईंनी बाही सोडली, दोन्ही हात एकमेकांत गुंतवून घट्ट धरले आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मी टोपली घ्यायला हात पुढे केला तर जाऊबाईंनी डोळ्यांनीच मला दटावलं. किती वेळ उभे होतो कोण जाणे. शब्द आला नाही. शेवटी भाऊजींनीच मान हलवली आणि चालायला लागले.

त्यानंतर ते बोललेले नाहीत. एकवार-दोनवारसुद्धा नाही. शिकवणाऱ्या बाई येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, वेळ द्या. त्या दोन माद्या गाणंवाल्या बाईंनी दुसरीकडे दिल्या. जाऊबाई रोज दुपारी चहा करतात, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसतात आणि तेच विचारतात. मग हात मांडीवर ठेवून थांबतात. ना चष्मा देत, ना पाणी, ना मध्ये काही बोलत. मी कधी काही कामानं खाली येते, तर दारातून ते दोघं समोरासमोर बसलेले दिसतात, चहा तसाच. माझ्यासारखी तोंडाळ बाई, पण मी काही न बोलता परत वर जाते.